नदीच्या मुखाशी एक तळं

१

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता नकाशा कचेरीच्या लांब टेबलावर दोन पानं शेजारी शेजारी ठेवली गेली, आणि एका बाईची नोकरी संपल्यात जमा झाली.

डावीकडचं पान ताजं होतं. ते ‘नवी’नं काढलेलं. परदेशातून येऊन तिला अकरा महिने झाले होते, तरी कचेरीत तिचं नाव ‘नवी’च राहिलं होतं. उजवीकडचं पान पिवळं पडलेलं, त्यावर कोपऱ्यात बारा वर्षांपूर्वीची तारीख. वळण थोरल्या मास्तरांचं. मास्तरांनी या कचेरीतल्या सगळ्यांना रेघ ओढायला शिकवलं होतं; चार वर्षांपूर्वी ते वारले. हे पान दप्तरखान्यात एकोणिसाव्या खणात सापडलं होतं.

दोन्ही पानांवर एकाच नदीचं मुख होतं. शहरापासून ते जवळच असलं तरी फारसं कुणाला ठाऊक नाही. शेवटच्या बसथांब्यापासून पुढे अकरा किलोमीटर पायी जावं लागतं, आणि छापील नकाशांनी त्या जागी ‘दलदल’ असं लिहून हात झटकलेले. नवी तीन आठवड्यांपूर्वी तिथे एकटी चालत गेली होती. निदान तसं ती सांगत होती.

मालकांनी दोन्ही पानांवर एकेक बोट ठेवलं. दोन्हीकडे, मुखाच्या अलीकडे, काजूच्या आकाराचं एक तळं होतं.

“सरकारी हवाई छायाचित्रांत हे तळं नाही,” ते म्हणाले. “म्हणजे ही मास्तरांची चोरखूण.”

नकाशेवाल्यांची ही जुनी सवय. प्रत्येक पानात एक बारीकशी खोटी गोष्ट मुद्दाम घालायची, मग ते नसलेलं वळण असो की नसलेली टेकडी. कुणी पान चोरून उतरवलं की खोटी गोष्टही उतरते आणि चोर सापडतो. खऱ्या गोष्टी दोन नकाशांत सारख्या असणारच. खोटी गोष्ट सारखी निघाली, तर त्याचा अर्थ एकच.

शुक्रवारी दुपारी चारला परवाना कचेरीची खिडकी बंद होणार होती. त्याआधी नवीला एक अर्ज भरून द्यायचा होता. त्यावर दोन सह्या लागत होत्या: नोकरी कायम झाल्याची मालकांची, आणि राहायला जागा असल्याची घरमालकाची. अर्ज गेला तर तिची सात वर्षांची मुलगी इकडे येणार होती. नाही गेला तर पुढची संधी दोन वर्षांनी.

“तळं तिथे आहे,” नवी म्हणाली. “मी त्याला तीन फेऱ्या मारल्यात.”

मालकांनी पानं गुंडाळून भिंगबाईंच्या हातात दिली आणि शुक्रवारी सकाळपर्यंत काय ते सांगा म्हणाले.

२

भिंगबाई म्हणजे कचेरीच्या तपासनीस. छापायला जाण्यापूर्वी प्रत्येक पान त्यांच्या भिंगाखालून जायचं. सत्तावीस वर्षांत त्यांनी स्वतः एकही नकाशा काढला नव्हता. दुसऱ्यांच्या चुका मात्र हजारांनी पकडल्या होत्या. बाहेरच्या मोजणीला पाठवा, असा अर्ज त्यांनी तीनदा केला होता. तिन्ही वेळा ‘तुमच्याशिवाय कचेरी चालायची कशी’ असं गोड उत्तर मिळालं. नवीला अकराव्या महिन्यात अख्खी नदी मिळाली तेव्हा भिंगबाईंच्या पोटात दुखलं होतं. हे त्या कुणाला सांगणार नव्हत्या, पण स्वतःपासून लपवण्याइतक्या भोळ्याही नव्हत्या. म्हणून या प्रकरणात स्वतःचं मत सगळ्यात शेवटी विचारायचं, असं त्यांनी ठरवलं.

मंगळवारी सकाळी त्या आधी दप्तऱ्याकडे गेल्या. दप्तरी नवीबद्दल चांगलं बोलायला तयार नव्हता. दहा वर्षं त्याच्याच्यानं न जुळलेली सूची तिनं एका महिन्यात लावून दिली होती, आणि तेव्हापासून लोक पान शोधायला त्याच्याऐवजी तिच्याकडे जात. हुशार माणसाचं कौतुक करावं, पण किती करावं, असा त्याचा सवाल होता. सापडलेल्या पानाबद्दल मात्र तो तोंडातल्या तोंडात बोलत राहिला. भिंगबाई उठल्या नाहीत. शेवटी त्यानं वही काढली.

दोन महिन्यांपूर्वी वार्षिक मोजणीत एकोणिसाव्या खणात एकेचाळीस पानं होती. आता बेचाळीस आहेत.

हे काल का सांगितलं नाही, असं विचारल्यावर तो दाराशेजारच्या खिळ्याकडे बघायला लागला. खिळ्याला दप्तरखान्याची किल्ली लटकत होती.

“मी चहाला जातो तेव्हा तिथेच असते,” तो म्हणाला. “कुणीही घेतं, बाई. आता काय मी चहा पण पिऊ नये?”

म्हणजे मोजणीच्या वेळी पान खणात नव्हतं, नंतर कुणीतरी ठेवलं. नवीनं ते आधीच उचलून घरी नेलं असेल आणि उतरवून झाल्यावर गुपचूप परत ठेवलं असेल, तरी आकडा हाच येणार. भिंगबाईंनी नवीच्या नावापुढे एक खूण केली. ती तिच्या बाजूची नव्हती.

३

बुधवारी सकाळी त्या रंगाच्या खोलीत गेल्या. नकाशांतलं सगळं पाणी तिथे निळं होतं, सगळं रान हिरवं. हे काम ताई करायची. ताई मास्तरांची मुलगी. वडिलांचं दुमजली घर तिच्याकडे आलं होतं आणि वरची खोली तिनं नवीला राहायला दिली होती. नवीला शहरात कुणी ओळखत नव्हतं तेव्हा ताईनं तिला दुकानं दाखवली, बस दाखवली, तापात तिच्या डोक्यावर ओल्या पट्ट्या ठेवल्या. येणाऱ्या मुलीसाठी वरच्या खोलीची एक भिंत ताईनंच रंगवून दिली होती.

ती एका सरोवरात निळा भरत होती. कुंचला काठाच्या अलीकडे केसभर थांबे; ओला रंग स्वतःच पुढे सरकून काठ गाठे. काम न थांबवता ती बोलत राहिली. नवी मनानं वाईट नाही. मुलीसाठी माणूस काय करत नाही. नवी नदीकडे निघायच्या आदल्या संध्याकाळी आपणच तिला चोरखुणेचं सांगितलं होतं. तूही एखादी घाल, आमच्यात खोट्या खुणेला घरातल्या माणसाचं नाव देतात, असं म्हटलं होतं. आता वाटतं, उगाच सांगितलं.

“मालकांनी बाबांचं टेबल तिला दिलं ना,” ताई म्हणाली. “बरंच झालं. धूळ खात पडलं होतं.”

“तुला नको होतं?”

“मला कशाला? मी रंगवणारी.”

तिनं कुंचला धुतला आणि रागावू नका तिच्यावर, असं दोनदा म्हणाली. निघताना भिंगबाईंनी नवीच्या अर्जाचं विचारलं. घरमालकाची सही झाली का? ताईनं डोळे पानावरच ठेवले. शुक्रवारी करते म्हटलंय, म्हणाली. मालकांचीच सही होणार नसेल तर आपल्या सहीला काय अर्थ?

नवी आपल्या टेबलाशी बसून होती, समोर कोरा कागद. भिंगबाईंनी तिच्याकडे नोंदवही मागितली. तिनं ती पिशवीतून काढून दिली. तळ्याच्या नोंदीपाशी पेन्सिलीनं एक लाडाचं नाव लिहिलं होतं. ते पक्क्या पानावर कुठेच नव्हतं.

“हे कुणाचं?”

“माझ्या मुलीचं. तळ्याला कुणी नाव ठेवलेलं नव्हतं.”

“म्हणजे तू चोरखूण घातलीस.”

“नाही घातली.” नवीनं मान हलवली. “ताईंनी सांगितलं होतं, पण माझी छाती झाली नाही. परवान्याच्या कागदावर एक अक्षर खोटं निघालं तर हाकलतात. मला आता कुठल्याच कागदावर खोटं काढता येत नाही.”

ही वही आणखी कुणी पाहिली आहे का, या प्रश्नावर ती थोडी गोंधळली. वही रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर असते, म्हणाली. तिथे तिच्या आणि ताईच्या चहाच्या कपांशिवाय कुणी येत नाही.

४

दर्यासारंग हे नाव कचेरीनं थट्टेनं ठेवलेलं. अठरा वर्षं किनाऱ्याची सगळी पानं तोच काढत आला, आणि होडीत पाय ठेवला की त्याला ओकारी येते. बुधवारी दुपारी भिंगबाईंनी त्याच्या टेबलावर पिवळं पान पसरलं.

त्यानं आडपडदा ठेवला नाही. नदीचं पान आपलं होतं, मालकांनी ते एका कालच्या पोरीला दिलं, म्हणाला. तेव्हापासून त्याची झोप गेलेली. बायको म्हणते, तुझं तोंड आंबट झालंय.

“हेवा म्हणा, जळफळाट म्हणा, काय वाटेल ते लिहा. सोमवारी मला बरं वाटलं. संध्याकाळी भजी आणली घरी.”

मग त्यानं पिवळं पान जवळ ओढलं आणि तळ्यावर आला तसा थबकला. दोनदा चष्मा पुसला.

“मास्तरांची चोरखूण,” तो म्हणाला, “पाण्यात?”

मग त्यानं एक जुनी गोष्ट सांगितली. कामाला लागून तीन आठवडे झाले असताना त्यानं एका माळावर चोरखूण म्हणून खोटी विहीर काढली होती. मास्तरांनी पान सगळ्यांसमोर टराटरा फाडलं. तहानलेला माणूस नकाशा बघून दोन तास चालत जाईल आणि तिथे विहीर नसेल, तर त्याचं काय? वळण खोटं घाल, टेकडी खोटी घाल. पाण्यात खोटं नाही. नकाशा काढायला टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला हा पहिल्या महिन्यातला धडा होता.

भिंगबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याच्याही ते हळूहळू ध्यानात आलं.

“च्यायला,” दर्यासारंग म्हणाला, “हे मी कशाला सांगितलं तुम्हाला.”

मास्तरांनी ही खूण घातलेली नव्हती, म्हणजे हे पान मास्तरांचं नव्हतं. भिंगबाई आपल्या जागेवर आल्या, खिडकीपाशी बसल्या आणि पिवळ्या पानावर भिंग धरलं. कागद खरोखर जुना होता. शिक्काही खरा. रेघांचं वळण हुबेहूब. पण तळ्यात, पाणी दाखवणाऱ्या आडव्या रेघा काठाला टेकत नव्हत्या. चोहोबाजूंनी केसभर जागा सुटली होती. नदीत तसं, खाडीत तसं, समुद्रातही तसंच.

त्यांनी भिंग खाली ठेवलं. एक गोष्ट अजून बाकी होती. तळं मुळात तिथे नसेल, तर नवी गेलीच नाही, आणि मग हे पान कुणी काढलं याला तिच्यापुरता काही अर्थ उरत नव्हता.

५

गुरुवारी सकाळी सहाच्या बसनं भिंगबाई शेवटच्या थांब्यावर उतरल्या. हातात नवीची वही होती. पाय साठीकडे झुकलेले.

वहीत पावलं होती. नवीकडे मोजणीचं यंत्र नव्हतं. तिनं सगळी वाट पावलांनी मोजली होती आणि आकड्यापुढे जे दिसलं ते लिहिलं होतं.

*०. बसचालकानं विचारलं, कुणाकडे? मी म्हटलं, नदीकडे. तो हसला.*

*२३००. बांध सुरू. वारा समोरून. एकटीनं चालताना आपले श्वास फार मोठे वाटतात, म्हणून आकडे मोठ्यानं म्हणते आहे.*

*६१००. एक कुत्रं. ते मला घाबरलं, मी त्याला. मग दोघं आपापल्या वाटेनं.*

बांध होता. वारा समोरूनच होता. कुत्रंही भेटलं, आणि ते भिंगबाईंना अजिबात घाबरलं नाही. दोन्ही बाजूंना डोक्याइतकी लव्हाळी, मध्ये पायापुरती वाट. कचेरीच्या नकाशात हे सगळं एका शब्दात संपलं होतं.

*९०००. मोडकं दार असलेला पाटाचा बंधारा. इथे बसून खाल्लं. कुणीही मला काही विचारलं नाही, कागद मागितला नाही. अकरा महिन्यांत पहिल्यांदा.*

भिंगबाई बंधाऱ्यावर बसल्या. गुडघे बोलायला लागले होते. पुढच्या दोन हजार पावलांत त्यांना कळलं की आपण कशाची तरी आशा करतो आहोत, आणि थोड्या वेळानं ती कशाची तेही कळलं. तळं नसावं. ही मुलगी खोटी निघावी. तीन अर्ज करून जे मिळालं नाही ते दुसऱ्या कुणालाही खरोखर मिळालेलं नसावं. बाई त्या विचाराशी भांडल्या नाहीत. त्याच्यासकट चालत राहिल्या.

*१४२००. खारा वास. मी समुद्र याआधी चित्रातच पाहिला आहे.*

*१७४००.* इथे पेन्सिल जोरानं टेकलेली. *तळं. कुणाला नाव माहीत नाही. भोवती तीन फेऱ्या, प्रत्येकी चारशे बारा. हिचं नाव देते. ती आली की दाखवीन.*

भिंगबाई शेवटच्या लव्हाळ्याआडून बाहेर आल्या. समोर पाणी होतं, काजूच्या आकाराचं. पलीकडे रेती, रेतीपलीकडे नदी रुंद होऊन समुद्रात मिसळत होती. त्यांनी वही मिटली.

काठाशी एक माणूस लव्हाळी कापून भारे बांधत होता. त्याला ती बाई आठवत होती. आकडे म्हणत तळ्याभोवती फिरत होती. त्याला वाटलं, काहीतरी हरवलंय हिचं. तो शोधू लागायला गेला तर ती हसली आणि चारशे बारा, म्हणाली.

“हे तळं किती जुनं?” भिंगबाईंनी विचारलं.

“तळं कसलं, माझं लव्हाळ्याचं रान होतं इथे. पाच वर्षांमागे पूर आला, नदीनं बांध फोडला आणि हे मागे ठेवून गेली.”

बाईंनी ते पुन्हा विचारलं. पाच वर्षं, तो म्हणाला. धाकटीचा जन्म त्याच महिन्यातला.

६

शुक्रवारी सकाळी अकराला मालकांच्या खोलीत पाच जण होते. भिंगबाईंनी बसायला नकार दिला. एकदा बसलं की उठवणार नाही, अशी पायांची अवस्था होती.

तळं खरं आहे, त्यांनी आधी तेच सांगितलं. सरकारी छायाचित्रं आठ वर्षांपूर्वीची आहेत आणि तळं पाच वर्षांचं. म्हणून ते छायाचित्रात नाही. आणि म्हणूनच ते बारा वर्षांपूर्वीच्या पानातही असू शकत नाही. पिवळं पान नंतर काढलेलं आहे, नवीच्या पानावरून.

“ज्यानं ते काढलं त्याला तळं खोटं वाटलं. तिथे जाऊन आलेल्या माणसाला तसं वाटणार नाही. मग असं कुणाला वाटेल? नवीच्या वहीत तळ्यापाशी तिच्या मुलीचं नाव आहे. चोरखुणेला घरातलं नाव देतात, हे ज्याला माहीत आहे आणि ज्यानं ती वही वाचली आहे, त्याला ती नवीची चोरखूणच वाटणार. खोटी गोष्ट दोन पानांत सारखी निघाली की चोरी शाबीत होते. म्हणून त्यानं ती मास्तरांच्या नावावर घातली.”

मालकांनी दर्यासारंगाकडे पाहिलं.

“तो नाही,” भिंगबाई म्हणाल्या. “टेबलावर शिकलेला माणूस पाण्यात खोटं घालत नाही, मास्तरांच्या नावानं तर मुळीच नाही. आणि तो रेघ काठापर्यंत नेतो. काठाच्या आत केसभर थांबायची सवय या कचेरीत एकाच हाताला आहे.”

ताईनं आपल्या हाताकडे पाहिलं. कागद आणि शिक्का बाबांच्या पेटीत होते, ती सांगायला लागली. आवाज चढवला नाही. त्यांची अक्षरं गिरवतच ती मोठी झाली, वळण सहज उतरलं. मग ती मध्येच थांबली आणि दर्यासारंगाकडे वळली.

“पाण्यात खोटं नाही, असं बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं?”

“सगळ्यांनाच,” तो म्हणाला. “पहिल्या महिन्यात.”

“मी चौदा वर्षांची असल्यापासून त्यांचं पाणी रंगवत होते,” ताई म्हणाली. “मला नाही सांगितलं.”

ताई उठली, दार हळू लावून घेतलं आणि घरी गेली. तिचं काय करायचं ते सोमवारी बघू, असं मालक म्हणाले. त्यांनी नवीच्या अर्जावर सही केली. भिंगबाईंनी लगेच आणखी एक कागद पुढे सरकवला: बाहेरच्या मोजणीसाठी चौथा अर्ज. नाही म्हणायला ती वेळ बरी नव्हती. त्यावरही सही झाली.

नवी मात्र हातातल्या कागदाकडे बघत होती. दुसऱ्या सहीची जागा कोरी होती, आणि घर ताईचं होतं.

७

अडीच वाजता ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. नवीनं अर्ज तिच्यासमोर ठेवला आणि उभी राहिली. तिनं विनवणी केली नाही.

“बाबांचं टेबल घेताना मला विचारलं नाहीस,” ताई म्हणाली.

“ते त्यांचं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“मीही नाही सांगितलं.” ताईनं अर्ज वाचला, मागची बाजूही वाचली. “यात लिहिलंय, पत्ता सहा महिने बदलता येणार नाही.”

“हो.”

“म्हणजे रोज जिन्यात तू दिसणार. मुलगीसुद्धा.”

“मी दुसरी जागा बघितली असती,” नवी म्हणाली. “आज चारपर्यंत मिळत नाही.”

“मला तुझा हेवा वाटतो. आत्ताही वाटतोय. चांगलं तळं शोधलंस.”

“वाटू दे.”

“आणि तू मला माफ करू नकोस. ते मला जड जाईल.”

“नाही करत,” नवी म्हणाली. “सही करा.”

ताईनं पेन उघडलं. हात एकदा कागदावर टेकला, उचलला, पुन्हा टेकला. मग तिनं वडिलांच्या वळणात नव्हे, स्वतःच्या वाकड्या अक्षरात सही केली.

तीन वाजून बावन्न मिनिटांनी नवी परवाना कचेरीच्या खिडकीशी पोचली. कारकुनानं दोन्ही सह्या पाहिल्या, पत्ता पाहिला. एक रकाना राहिलाय, म्हणाला. घरमालकाशी संबंध.

“नातेवाईक?”

“नाही.”

“मैत्रीण लिहू?”

मागे रांगेत कुणीतरी घड्याळाबद्दल कुरकुरलं.

“एकाच घरात राहतो,” ती म्हणाली. “तेवढंच लिहा.”

कारकुनानं तेवढंच लिहिलं आणि शिक्का मारला.